बचावसंच, खिशातील

रानात किंवा डोंगरात वाट चुकलेल्या, जखमी झालेल्या अथवा अंधार, धुके वा पाऊस यांमुळे अडकून पडलेल्या व्यक्तीस मदत पोहोचेपर्यंत तग धरता यावा, या हेतूने निवडलेल्या मोजक्या वस्तूंचा, खिशात मावेल एवढ्या डबीत किंवा पिशवीत बांधलेला संच. पाठीवरील पिशवीतील पाणी, शिदोरी, कपडे आणि प्रथमोपचाराचे साहित्य यांची जागा हा संच घेऊ शकत नाही. ती पिशवी दरीत घरंगळली, ओढ्यात वाहून गेली किंवा सोबत्याजवळ राहिली, तर अंगावर जे असेल तेवढेच हाताशी उरते. त्या प्रसंगासाठी हा संच असतो. म्हणून तो पिशवीत न ठेवता खिशात किंवा कमरपट्ट्याला बांधून अंगावरच बाळगावा लागतो.

संचात कोणत्या वस्तू असाव्यात, हे त्या प्रदेशात माणसे कशामुळे दगावतात यावर अवलंबून असते. हिमप्रदेश, वाळवंट आणि समुद्र यांसाठीचे संच एकमेकांपेक्षा भिन्न असतात. प्रस्तुत नोंदीत सह्याद्रीतील पदभ्रमणासाठी उपयुक्त अशा संचाचा मुख्यत्वे विचार केला आहे.

इतिहास : रानात वावरणाऱ्या माणसाने गरजेच्या वस्तू अंगावर बाळगण्याची रीत फार जुनी आहे. आगकाड्यांचा प्रसार होण्यापूर्वी महाराष्ट्रातील शेतकरी व गुराखी पोलादाची चकमक, गारगोटी आणि ठिणगी धरण्यासाठी शेवरीसारखा मऊ कापूस जवळ ठेवीत. कमरेच्या आकडीत अडकवलेला कोयता, धनगराच्या खांद्यावरील घोंगडी, पावसाळ्यातील इरले आणि अनेक कप्प्यांची चंची ही याच गरजेची रूपे होत. मात्र ही साधने रोजच्या कामाची होती. केवळ संकटासाठी राखून ठेवलेली नव्हती.

संकटासाठीच बांधलेल्या आधुनिक संचाचा विकास दुसऱ्या महायुद्धात झाला. शत्रूच्या प्रदेशात उतरावे लागलेल्या वैमानिकांना निसटून परत येता यावे म्हणून ब्रिटनच्या एम.आय. ९ या युद्धकालीन गुप्तसंस्थेतील क्रिस्टोफर क्लेटन हटन यांनी लहान पेट्या तयार करविल्या. आरंभी त्यांसाठी सिगारेटचे चपटे पत्र्याचे डबे वापरण्यात आले. माल्टयुक्त दुधाच्या वड्या, गोळ्या-मिठाई, पाणी निर्जंतुक करण्यासाठी हॅलॅझोनच्या गोळ्या, पाण्याची रबरी पिशवी, सुई-दोरा इ. वस्तू त्यांत असत. रेशमी कापडावर छापलेले नकाशे व गुंडीत दडविलेली होकायंत्रे हीही याच संस्थेची निर्मिती. ब्रिटनच्या विशेष हवाई दलातील माजी सैनिक जॉन वाइझमन यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे अशा डबीची कल्पना सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली.

याच्या समांतर असा गिर्यारोहकांचा दुसरा प्रवाह आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील ‘दि माउंटेनिअर्स’ या संस्थेच्या १९३० नंतरच्या प्रशिक्षणवर्गांतून ‘दहा आवश्यक वस्तूं’ची कल्पना पुढे आली आणि संस्थेच्या पाठ्यपुस्तकाच्या १९७४ मधील आवृत्तीत ती यादीरूपाने छापली गेली. नकाशा, होकायंत्र, गडद चष्मा, जादा अन्नपाणी, जादा कपडे, डोक्यावरचा दिवा, प्रथमोपचार साहित्य, ज्वालक, आगकाड्या व चाकू या त्या वस्तू होत. २००३ मध्ये सुट्या वस्तूंऐवजी प्रकाश, आसरा, पाणी इ. गरजांनुसार तिची पुनर्मांडणी करण्यात आली.

या दोन प्रवाहांत एक मूलभूत फरक आहे. युद्धातील सैनिकाला कोणाच्याही दृष्टीस न पडता दूरवर चालत जावयाचे असते. म्हणून मासे धरण्याचा गळ, फासे आणि दडविता येणारे होकायंत्र त्याला उपयोगी पडतात. वाट चुकलेल्या पदभ्रमकाची गरज नेमकी उलट असते : त्याने एका जागी थांबावयाचे असते आणि शोधणाऱ्यांना सापडावयाचे असते. बाजारातील पुष्कळशा तयार डब्यांत आजही पहिल्या प्रकारच्या वस्तू भरलेल्या आढळतात. त्या जशाच्या तशा स्वीकारल्यास डबी भरते, परंतु सापडण्याचे साधन तीत राहत नाही.

सह्याद्रीतील परिस्थिती : पुणे–लोणावळे उपनगरी लोहमार्गावरील कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी या स्थानकांच्या परिसरात व पुढे चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यातून सुटीच्या दिवशी डोंगरांकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी असते. कासारवाडीहून मळवलीस उतरणाऱ्यास भाजे गावावरून लोहगड व विसापूर, तर लोणावळ्यास उतरणाऱ्यास राजमाची व नागफणी हे डोंगर गाठता येतात. प्रवास थोडा आणि परतीची गाडी निश्चित, त्यामुळे ही भटकंती बागेतल्या फेरफटक्यासारखी वाटते आणि तयारीही तशीच केली जाते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४५ ने दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी ठेवणे कारखान्यांना बंधनकारक केले होते. आठवडाभर अशा पेटीच्या छायेत काम करणारा माणूस रविवारी कड्याच्या टोकावर मात्र मोबाईलखेरीज काहीही न घेता उभा असतो.

सह्याद्रीतील संकटे मुख्यत्वे चार प्रकारची असतात. (१) पावसाळ्यात धुके, वारा आणि भिजलेले कपडे यांमुळे शरीराचे तापमान घटणे. हवेपेक्षा पाणी सु. पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे तापमान गोठणबिंदूच्या पुष्कळ वर असतानाही ओल्या अंगाने वाऱ्यात बसलेला माणूस काही तासांत गारठून धोक्यात येऊ शकतो. (२) मार्च ते मे या काळात उष्माघात व शरीरातील पाणी घटणे; या काळात गडांवरील अनेक टाकी आटलेली किंवा दूषित असतात. (३) अंधारात किंवा निसरड्या वाटेवर पडणे. (४) वाट चुकणे. यांपैकी चौथे संकट स्वतः क्वचितच प्राणघातक असते. पण ते उरलेल्या तिन्हींच्या हाती माणसाला सोपविते. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर पाऊस व धुके यांत वाट चुकलेल्या सहा जणांच्या एका गटास जंगलात मुक्काम करावा लागला आणि त्यांपैकी एकाचा गारठ्याने मृत्यू झाला. मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळील नागफणीच्या परिसरात एकट्याने गेलेल्या एका तरुणाने वाट चुकल्याचे दूरध्वनीवरून कळविले. नंतर त्याचा संपर्क तुटला आणि काही दिवसांच्या शोधानंतर त्याचा मृतदेह खोल दरीत आढळला.

येथील भूरचनाही लक्षात घेतली पाहिजे. दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट खडक लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या आडव्या थरांचा बनलेला असून त्यामुळे डोंगरउतारांना पायऱ्यांसारखे कडे लाभले आहेत. ‘वाट चुकल्यास ओढ्याच्या कडेने खाली उतरावे, म्हणजे वस्ती लागते’ हा परदेशी पुस्तकांतील सल्ला येथे जिवावर बेतणारा ठरतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील ओढा बहुधा धबधब्याच्या तोंडाशी संपतो आणि तेथवर उतरलेल्या माणसास खाली जाता येत नाही व वर चढता येत नाही. उलटपक्षी, येथे एखादे गाव किंवा वाडी बहुतेक ठिकाणी काही किमी. अंतरात असते. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ आणि खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’ यांसारख्या संस्थांचे स्वयंसेवक व स्थानिक वाटाडे शोधकार्यास तत्पर असतात. ठिकाण अंदाजाने तरी ठाऊक असेल, तर मदत सामान्यतः त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पोहोचू शकते. त्यामुळे सह्याद्रीतील खिशातील संचाचे काम महिनाभर रानात जगविण्याचे नसून एक रात्र जागच्या जागी, उबदार आणि ऐकू येईल असे राखण्याचे आहे.

घटक : संचातील वस्तूंचा क्रम गरजेच्या निकडीनुसार लावणे सोयीचे असते.

संकेतसाधने : संचातील पहिली वस्तू शिट्टी होय. ओरडून माणसाचा घसा थोड्याच वेळात बसतो, तर शिट्टी दमलेल्या किंवा जखमी माणसालाही तासन्‌तास वाजविता येते. मानवी कानाची संवेदनक्षमता सु. २,००० ते ५,००० हर्ट्‌झ या पट्ट्यात सर्वाधिक असते. चांगल्या शिट्टीचा आवाज याच पट्ट्यात असल्याने तो वारा व धबधबा यांच्या घोषातूनही वेगळा ओळखू येतो. आत मणी नसलेली प्लॅस्टिकची शिट्टी घ्यावी. मणी भिजून अडकण्याची शक्यता असते. ती डबीत न ठेवता दोरीने गळ्यात अडकवावी. एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, नंतर एक मिनिट विराम व पुन्हा सहा वेळा, हा गिर्यारोहकांचा आंतरराष्ट्रीय संकटसंकेत असून तो ब्रिटिश गिर्यारोहक क्लिंटन डेंट यांनी १८९४ मध्ये सुचविला. मिनिटाला तीन शिट्ट्या हे त्याचे उत्तर असते. उघड्या आकाशाखाली लहान आरसा किंवा डबीच्या झाकणाची चकचकीत आतली बाजू उपयोगी पडते. तथापि पावसाळ्यात तिच्यावर विसंबता येत नाही.

प्रकाश : उष्ण कटिबंधात संधिप्रकाश अल्पकाळ टिकतो. पुण्याच्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर सु. २५ मिनिटांत वाट दिसेनाशी होते. दाट झाडीत ती त्याहूनही लवकर दिसेनाशी होते. नाण्याच्या आकाराच्या लिथियम विद्युत् घटावर चालणारा, प्रकाशोत्सर्जक द्विप्रस्थाचा म्हणजे एलईडीचा लहान दिवा काही ग्रॅम वजनाचा असतो. तो हाताने धरण्याऐवजी टोपीला अडकविता येईल असा असावा. साठवणीत तो आपोआप पेटू नये म्हणून घट व संपर्कपट्टी यांमध्ये कागदाचा तुकडा ठेवतात. दिव्याचा उपयोग रात्री चालण्यासाठी नव्हे, तर बसण्याची सुरक्षित जागा पाहण्यासाठी आणि शोधपथकास संकेत देण्यासाठी करावा.

आसरा : अ‍ॅल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर दिलेल्या प्लॅस्टिक पटलाची चादर अमेरिकेच्या ‘नासा’ या अवकाशसंस्थेच्या १९६४ मधील संशोधनातून निघाली. घडी केल्यावर ती तळहाताएवढी होते व वजन सु. ५०–६० ग्रॅ. भरते. शरीरातून प्रारित होणारी बरीचशी उष्णता ती परावर्तित करते आणि वारा व पाऊस अडविते. तथापि ती स्वतः उष्णता निर्माण करीत नाही आणि जमिनीकडे वाहणारी उष्णताही रोखीत नाही. म्हणून सुका पाला, रिकामी पाठपिशवी किंवा दोरी यांची बैठक करून, गुडघे पोटाशी घेऊन तिच्यात बसावे लागते. तिला एकदा चीर गेली की ती झपाट्याने फाटत जाते आणि ज्वालेजवळ वितळते. ती न मिळाल्यास कचऱ्यासाठी वापरली जाणारी मोठी, जाड प्लॅस्टिक पिशवी घ्यावी. तिला चेहऱ्यापुरते भोक पाडून ती डोक्यावरून घातली असता पुरातन इरल्याचेच काम होते. पिशवीचे तोंड किंवा चेहऱ्याचे भोक कधीही बंद करू नये.

पाणी : खिशात पाणी मावत नाही, ते मिळाल्यास पिण्यायोग्य करण्याची साधने मात्र मावतात. एक लिटरची घडीची प्लॅस्टिक पिशवी, क्लोरीनच्या चार-सहा गोळ्या आणि मुखावाटे द्यावयाच्या जलसंजीवनीची (ओआरएसची) दोन पाकिटे पुरेशी होतात. गढूळ पाणी प्रथम रुमालातून गाळावे. तुरटीचा खडा फिरविणे किंवा निवळीचे बी उगाळून टाकणे या देशी रीतींनी गाळ तळाशी बसतो, परंतु जंतू मरत नाहीत. म्हणून नंतर गोळी टाकून पाकिटावरील सूचनेनुसार, सामान्यतः अर्धा तास थांबणे आवश्यक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ मधील सूत्रानुसार जलसंजीवनीत एक लिटर पाण्यासाठी २·६ ग्रॅ. मीठ, १३·५ ग्रॅ. ग्लुकोज, १·५ ग्रॅ. पोटॅशियम क्लोराइड व २·९ ग्रॅ. सायट्रेट लवण असते. आतड्यात ग्लुकोजच्या साहाय्याने सोडियम व त्यामागोमाग पाणी शोषले जाते, हे तिच्या कार्याचे रहस्य होय. पूर्ण पाकीट थोड्या पाण्यात विरघळवून प्याल्यास अपाय होतो. म्हणून एक लिटरचे माप देणारी पिशवी संचात असणे महत्त्वाचे.

अग्नी : मेणात बुडविलेल्या दहा-बारा आगकाड्या, पेटीच्या बाजूची घासपट्टी आणि हवाबंद पुडीत कापराच्या दोन-तीन वड्या ठेवाव्यात. कापूर ओलसर जागीही पेटतो; मात्र उघडा राहिल्यास तो संप्लवनाने उडून जातो आणि पोटात गेल्यास विषारी असल्याने पुडीवर तसे लिहून ठेवावे. सायकलच्या ट्यूबचा बोटभर तुकडा पावसातही जळतो. तथापि सह्याद्रीत अग्नी हे दुय्यम साधन मानावे. पावसाळ्यात लाकूड पेटत नाही आणि उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात एक ठिणगी वणवा लावू शकते. राखीव वनात आग पेटविणे किंवा बाळगणे यावर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ ने निर्बंध घातले आहेत. आग्या मोहोळाच्या जवळ धूर केल्यास मधमाश्या हल्ला करतात, हेही ध्यानात ठेवावे.

जखमा व औषधे : एक गुंडाळी पट्टी, निर्जंतुक जाळीदार कापडाचे दोन तुकडे, चिकटपट्टी, तीन-चार सेफ्टी पिना व पॅरासिटॅमॉलच्या काही गोळ्या एवढे साहित्य खिशातील संचास पुरते. नेहमीचे औषध घेणाऱ्या व्यक्तीने त्याची एका दिवसाची मात्रा ठेवावी. सर्पदंशासाठी पूर्वी पाते, चोषक व आवळपट्टी यांचा संच विकला जाई. तो आता पूर्णतः त्याज्य ठरला आहे. जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळणे यांमुळे हानीच होते. दंश झालेला अवयव हालू न देता रुग्णास शक्य तितक्या लवकर प्रतिविषाची सोय असलेल्या रुग्णालयात नेणे हाच उपाय होय. भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते. कोकणातील तांबड्या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्रस्थापित केली. परंतु तेही वैद्यकीय देखरेखीखाली द्यावयाचे असल्याने संचात ठेवावयाचे नसते. [⟶ प्रथमोपचार].

इतर वस्तू : आवरणातले लहान पाते, जाड दोरा ओवलेली सुई आणि २–३ मिमी. जाडीची सु. ५ मी. नायलॉन दोरी यांचा उपयोग चादर बांधणे, तुटलेला बूट शिवणे किंवा मोडलेल्या हाताची झोळी करणे यांसाठी होतो. अशा दोरीवरून कड्यावरून उतरण्याचा प्रयत्न कधीही करू नये. एका कागदावर नाव, रक्तगट, असलेले आजार व घरचा क्रमांक शिसपेन्सिलीने लिहावा. शाई पाण्याने पसरते, पेन्सिलीचा लेख टिकतो. पेन्सिलीचा तुकडा व एक कोरा कागद निरोप ठेवण्यासाठी असू द्यावा.

मोबाईल : मोबाईल हा संचाचा भाग नसला, तरी आज सर्वांत प्रभावी संकेतसाधन तोच आहे, म्हणूनच त्याच्यावर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे ठरते. दरीत मनोऱ्याचे संदेशवहन मिळत नाही आणि ते शोधण्यात घटाची शक्ती लवकर संपते. उपग्रहांच्या आधारे स्थाननिश्चिती करण्यास मनोऱ्याची गरज नसते. त्यामुळे वाट चुकल्याचे कळताच स्थानाचे अक्षांश-रेखांश टिपून घ्यावेत आणि संपर्क मिळेल तेव्हा ते लघुसंदेशाने पाठवावेत. बोलण्याइतका संपर्क नसतानाही लघुसंदेश जाऊ शकतो. ११२ या आपत्कालीन क्रमांकासाठी उपलब्ध असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्याचाही उपयोग होऊ शकतो. एरवी यंत्र बंद करून, प्लॅस्टिकच्या पुडीत, अंगालगत ठेवावे.

वगळावयाच्या वस्तू : मासे धरण्याचा गळ, तारेचे फासे, गुंडीएवढे होकायंत्र व तारेची करवत या परदेशी डब्यांतील वस्तू सह्याद्रीत जागा अडवितात. निरोगी प्रौढ माणूस अन्नावाचून कित्येक दिवस जगू शकतो. एका रात्रीच्या मुक्कामात शिकारीची गरजच उद्भवत नाही आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ती बहुतेक प्राण्यांच्या बाबतीत गुन्हा ठरते. नकाशा आणि तो वाचण्याचा सराव यांवाचून होकायंत्राचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असल्याने खडकावर टेकविलेली सुई चुकीची दिशा दाखवू शकते. त्याऐवजी गुळ-शेंगदाण्याची एक लहान पुडी ठेवणे श्रेयस्कर. तिने पोट भरत नसले, तरी अंगात ऊब निर्माण होण्यास साहाय्य होते.

बांधणी : शाळकरी मुलांची पत्र्याची कंपासपेटी किंवा बोटभर उंचीचा चपटा स्टीलचा डबा या कामी उत्तम. झाकणाच्या सांध्यावरून चिकटपट्टी फिरविल्यास तो जलरोधक होतो. ट्यूबची एक रुंद चकती वरून चढविल्यास झाकण घट्ट राहते व जाळण्यासाठी रबरही सोबत येते. चादर डब्यात मावत नसल्यास ती दुसऱ्या खिशात ठेवावी. प्रत्येक गरजेच्या वस्तू वेगळ्या पुडीत भरून सर्वांत आधी लागणारी पुडी वर ठेवतात. अंधारात, एका हाताने आणि बधिर बोटांनी डबा उघडता आला पाहिजे, ही बांधणीची कसोटी होय. सर्व वस्तू मिळून वजन सु. २५० ग्रॅ.च्या आत राहते. वजन किंवा आकार याहून वाढल्यास डबा प्रथम खिशातून पिशवीत व तेथून घरच्या फळीवर जातो आणि त्याचा हेतूच विफल होतो. बहुतेक वस्तू औषधांचे दुकान, किराणा दुकान व लोखंडी सामानाचे दुकान येथे मिळतात. परदेशी बनावटीच्या महाग डबीची आवश्यकता नसते.

उपयोगाचा क्रम : वाट चुकल्याची शंका येताच थांबावे, बसावे व पाणी प्यावे. ज्या खुणेपर्यंत वाटेची खात्री होती ती जवळ व सुरक्षित असल्यास उजेड असतानाच तेथवर परत जावे. नसल्यास तेथेच मुक्काम ठरवावा. कड्याची धार, ओढ्याचे पात्र व दरड कोसळण्याची जागा टाळून झाडीच्या किंवा खडकाच्या आडोशाला बसावे. अंग भिजण्यापूर्वी व थंडी वाजण्यापूर्वीच चादर पांघरावी. हातपाय कापू लागल्यावर घडी उलगडणेही अवघड होते. नंतर ठरावीक अंतराने शिट्टीचा संकेत द्यावा आणि मधल्या विरामात कान देऊन उत्तर ऐकावे. गटात असल्यास सर्वांनी एकमेकांस बिलगून बसावे. एकास मदत आणण्यासाठी अंधारात पाठविणे म्हणजे शोधावयाची ठिकाणे दोन करणे होय.

देखभाल : दर वर्षी पावसाळ्यापूर्वी डबा रिकामा करून जलसंजीवनी, क्लोरीन व औषधे यांच्या मुदतीच्या तारखा पाहाव्यात, दिव्याचा घट व आगकाड्या बदलाव्यात आणि उडून गेलेला कापूर भरावा. घराच्या गच्चीवर एकदा रात्री दिवे मालवून डबा उघडून पाहिल्यास कोणती पुडी कोठे आहे, हे हातांना कळते. हा सराव केलेल्या माणसास प्रत्यक्ष प्रसंगी भीती कमी वाटते. आणि वाट चुकलेल्या माणसाचा पहिला शत्रू भीतीच असते, कारण तीच त्याला अंधारात धावावयास लावते.

मर्यादा : संचामुळे अविचार सुरक्षित होत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वाढत्या पाण्यापुढे कोणत्याही डबीचा उपयोग नसतो. कड्यावरून पडलेल्या किंवा उष्माघाताने बेशुद्ध झालेल्या व्यक्तीस स्वतःचा संच वापरता येत नाही. म्हणून संच प्रत्येकाजवळ वेगळा असावा आणि एकट्याने जाणे टाळावे. याशिवाय एक वस्तू डब्यात नव्हे, तर घरी ठेवावयाची असते. कोठे, कोणत्या वाटेने, कोणाबरोबर जाणार, कोणत्या गाडीने परतणार आणि त्या वेळेपर्यंत न परतल्यास कोणास कळवावयाचे, हे लिहिलेली ती चिठ्ठी होय. कासारवाडीतून मळवलीस निघालेल्या माणसाने ‘लोणावळ्याकडे जातो’ एवढेच सांगितले, तर शोधपथकापुढे कामशेतपासून खंडाळ्यापर्यंतचे सर्व डोंगर पसरलेले असतात. ‘भाज्यावरून विसापूर, रात्री नऊपर्यंत परत’ असे लिहिले, तर एकच डोंगर उरतो आणि शोध त्याच रात्री सुरू होतो. खिशातील शिट्टी ऐकू येण्यासाठी ऐकणारा त्या डोंगरावर पोहोचावा लागतो. आणि त्यास तेथे पोहोचविण्याचे काम ही चिठ्ठी करते. [⟶ गिर्यारोहण].